अर्ध्या हळकुंडानं पिवळं कशाला व्हायचं?

तुमच्या घरी हळद असेल, तर आज संध्याकाळी एक प्रयोग करून बघा. वडिलांना विचारा, वसमतला कांडीला काय भाव फुटला? ते मोबाइलमधून मान वर न करता सांगतील. गट्टूचा भाव सांगतील, हिंगोलीचा सांगतील, सांगली आणि निजामाबादचाही सांगतील. आता दुसरा प्रश्न विचारा. आपल्या हळदीत कुरकुमिन किती टक्के आहे?

घरात शांतता पसरेल.

यात वडिलांची काही चूक नाही. मोंढ्यात लिलाव होतो तेव्हा हळदीची पारख आजही मुख्यतः डोळ्यांनी आणि हातांनी होते. कांडी किती लांब, किती जाड, पॉलिश कसं, मोडल्यावर आतून रंग कसा. औषधाच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना हळदीतलं जे हवं असतं, ते मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं. जे मोजलं जात नाही त्याचे पैसे कोण देणार?

राज्यात हळदीखालचं सर्वाधिक क्षेत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. व्हॉट्सॲपवर स्टेटस पडले, आपल्या सगळ्यांची छाती फुगली. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची आपली जुनी सवय आहे. मानांकन म्हणजे अर्धं हळकुंड. उरलेलं अर्धं कुठंय, हे आज तुमच्याशी बोलायचंय.

शंभर कोटींचा प्रश्न

मार्च २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात वसमतला हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रासाठी १०० कोटी रुपये जाहीर झाले. बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र, हे त्याचं नाव. पुढं जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारचं राष्ट्रीय हळद मंडळ निजामाबादला सुरू झालं. म्हणजे हळदीकडं सरकारचं लक्ष नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही. पैसाही आहे. मग अडचण काय?

माझं म्हणणं सरळ आहे. हे १०० कोटी इमारत, कुंपण, गाड्या आणि उद्घाटनाची पाटी यातच जिरणार असतील, तर आपल्या हाती एक चांगली इमारत लागेल. हळद जिथल्या तिथं राहील. यातला मोठा वाटा एकाच अटीवर द्यायला हवा: एकटा येणार असशील तर पैसे नाहीत, तिघं मिळून याल तर बोलू. शेतकरी उत्पादक कंपनी, प्रक्रिया करणारा उद्योजक आणि कॉलेज किंवा विद्यापीठ, तिघांनी मिळून एक प्रश्न घ्यायचा. सरकारनं निम्म्याहून जास्त खर्च उचलायचा. आणि जे निघेल ते सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून उगवलेली नाही. युरोप हे काम कित्येक दशकं करतोय. आणि खरी गंमत म्हणजे महाराष्ट्रानंही हे करून दाखवलंय.

एकमेकांचे स्पर्धक एकाच टेबलावर

जर्मनीत १९५४ पासून एक पद्धत चालू आहे. एखाद्या धंद्यातल्या लहान-मध्यम कंपन्या एकत्र येऊन संघ करतात. खाद्यपदार्थवाले, कापडवाले, वेल्डिंगवाले, असे वेगवेगळे संघ. आपल्या सगळ्यांना सारखाच छळणारा प्रश्न ते ठरवतात, संशोधन संस्थेकडं देतात आणि त्या संशोधनाला सरकार पैसा देतं. एकच मोठी अट असते. निष्कर्ष कुणा एकाच्या तिजोरीत जात नाहीत, त्या धंद्यातल्या सगळ्यांना मिळतात. पुढं त्यातून स्वतःचा माल कसा करायचा, कुणाला किती भावात विकायचा, यात हवी तेवढी स्पर्धा करा.

१९८५ मध्ये युरोपातल्या देशांनी ‘युरेका’ नावाचं जाळं उभं केलं. त्यातल्या ‘युरोस्टार्स’ योजनेत छोट्या कंपन्या दुसऱ्या देशातल्या जोडीदारासोबत अर्ज करतात आणि ज्याचा त्याचा देश आपापल्या कंपनीचा भार उचलतो. युरोपीय संघाचा ‘होरायझन युरोप’ हा कार्यक्रम तर २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी सुमारे ९,५५० कोटी युरोंचा आहे. त्यातल्या बहुतेक एकत्रित प्रकल्पांना किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था लागतात. सोबती नसेल तर अर्जच करता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कंपन्यांना सरकारनं पैसे का द्यायचे? त्यांना नफा हवाय तर त्यांनी करावा खर्च. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच मोंढ्यात सापडतं.

समजा, वसमतजवळच्या एका छोट्या प्रक्रिया उद्योजकानं ठरवलं की हळद वाळवायचं नवीन यंत्र करून बघायचं. पाच-सात लाख घातले. दोन हंगाम प्रयोगात गेले. फसला, तर सगळा तोटा त्याचा एकट्याचा. जमला, तर शेजारचे चौघं येऊन बघणार, फोटो काढणार आणि पुढच्या हंगामात तसंच यंत्र दारात उभं करणार. नुकसान एकट्याचं आणि फायदा सगळ्यांचा, असा हिशेब असेल तर शहाणा माणूस काय करेल? गप्प बसेल. दुसऱ्या कुणीतरी करावं म्हणून वाट बघेल. सगळेच शहाणे, सगळेच वाट बघतायत आणि हळद पुन्हा ताडपत्रीवर.

बाजार ज्या ठिकाणी असा अडून बसतो, तिथं सरकारनं थोडा धक्का द्यायचा असतो. फायदा सगळ्यांचा होणार असेल तर खर्चही सगळ्यांनी मिळून करायचा आणि सुरुवातीची जोखीम सरकारनं वाटून घ्यायची. याला कंपन्यांची खिरापत म्हणता येणार नाही. आपण पाटाचं पाणी असंच वाटून घेतो की.

महाराष्ट्राला हे नवं नाही

युरोपचं कौतुक ऐकलं की आपल्याकडं दोन प्रतिक्रिया येतात. एक, ‘त्यांचं वेगळं असतं.’ दोन, ‘आपल्याकडं कुणी एकत्र येत नाही, खेकड्यांची जात.’ दोन्ही खोट्या आहेत.

पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ मध्ये राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांनी मिळून ती काढली. तेव्हा नाव होतं डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट. हे कारखाने एकमेकांचा ऊस पळवतात, एकमेकांविरुद्ध निवडणुका लढवतात, व्यासपीठावर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण उसाच्या संशोधनासाठी गाळपाच्या प्रमाणात वर्गणी भरतात. आपल्या वसमत भागातल्या ऊसवाल्यांना या संस्थेचं नाव नवीन नाही.

द्राक्षवाल्यांचं बघा. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० चा. बागाईतदारांनी स्वतः उभा केलेला, स्वतःचं संशोधन करणारा. पुढं मांजरीलाच केंद्र सरकारचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं. २०१० मध्ये युरोपनं आपल्या द्राक्षांत एका वाढरोधक रसायनाचा अंश सापडला म्हणून माल नाकारला आणि नाशिक-सांगलीतले बागाईतदार अक्षरशः रडकुंडीला आले. पण उभं राहायला त्यांच्याकडं संघ होता, प्रयोगशाळा होत्या, कुठल्या बागेतला माल कुठल्या पेटीत गेला हे सांगणारी नोंदणीची व्यवस्था होती. चूक कुठं झाली ते शोधता आलं आणि तपासणी आणखी कडक करता आली. द्राक्ष आजही युरोपात जातं.

कापड गिरण्यांनी अहमदाबादला १९४७ मध्ये ‘अटिरा’ आणि मुंबईत १९५४ मध्ये ‘बिट्रा’ काढली. दोन्ही गिरण्यांच्या सामाईक संशोधन संस्था. वाहन कंपन्यांची पुण्यातली ‘एआरएआय’ १९६६ ची. रस्त्यावर एकमेकांना ओव्हरटेक करणाऱ्या कंपन्या चाचणीसाठी एकाच छताखाली येतात.

ऊस झाला, द्राक्ष झालं, कापड झालं, गाड्या झाल्या. हळद तेवढी राहिली. असं का? कारण त्या धंद्यांत पैसा आणि राजकीय वजन असलेले लोक एकत्र आले. हळद पिकवणारा आपला माणूस दोन-चार एकरांचा. त्याच्याकडून वर्गणीची वाट बघत बसलो तर अजून पन्नास वर्षं जातील. म्हणून सरकारी पैशाची गरज इथं उसापेक्षा जास्त आहे.

किलोला सव्वा डॉलरच्या पुढं

थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे. २०२२-२३ मध्ये भारतातून सुमारे १.५३ लाख टन हळद आणि हळदीचे पदार्थ निर्यात झाले. मिळाले साधारण २०.७ कोटी डॉलर. भागाकार करा: किलोला १.३५ डॉलर. म्हणजे त्या वेळच्या दरानं शंभर-सव्वाशे रुपयांच्या मध्ये कुठंतरी. जगातली ७० टक्क्यांहून जास्त हळद आपण पिकवतो आणि ती या भावात देतो.

आता केंद्र सरकारनं उद्दिष्ट ठेवलंय, २०३० पर्यंत निर्यात १०० कोटी डॉलरवर न्यायची. जवळजवळ पाचपट. मग पाचपट हळद लावणार का? एवढी जमीन कुठली आणि एवढं पाणी कुठलं? हिंगोलीत तर उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची बोंब. पाचपट पैसा हवा असेल तर तीच हळद जास्त मोलाची करावी लागेल. अर्क, तेल, औषधी दर्जाची पावडर, तपासून प्रमाणपत्र दिलेला माल. त्या प्रत्येक पायरीला संशोधन लागतं आणि ते एका कंपनीच्या, एका शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही.

तुम्हाला हळदीच्या पेटंटची गोष्ट माहीत असेल. जखम भरून यायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते आव्हान देऊन लढवलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. शाळेत हे ऐकताना आपल्या अंगावर काटा यायचा. बरोबरच आहे. पण त्या लढाईत आपण काय सिद्ध केलं? की हे ज्ञान आमच्याकडं पूर्वीपासून होतं. आजीच्या ज्ञानावर आपण खटला जिंकला. नातवंडांनी त्यात काय भर घातली, हा प्रश्न अजून आपल्या दारात उभा आहे.

हिंगोलीचे पाच सामाईक प्रश्न

एकत्र संशोधन म्हणजे नेमकं कशाचं, असं विचाराल तर ही माझी यादी. तुमची वेगळी असू शकते.

पहिला, बेणं. हळदीच्या खर्चात बेण्याचा वाटा मोठा. त्यातून कंदकूज आली की सगळं मुसळ केरात. निरोगी बेणं तयार करून गावागावात पोचवायची पद्धत एकट्यानं बसत नाही.

दुसरा, शिजवणं आणि वाळवणं. कढई जाऊन वाफेचे कुकर आले, काम सोपं झालं. पण वाळवायला अजून आभाळाकडंच बघावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आला की रात्री ताडपत्र्या घेऊन पळापळ होते, ती तुमच्यातल्या निम्म्या जणांनी केली असेल. सौर वाळवणी यंत्रं बाजारात आहेत, पण एका शेतकऱ्याच्या शंभर क्विंटलला परवडेल असं, आपल्या हवामानात तपासलेलं यंत्र कोणतं? हे जिल्ह्यातले फॅब्रिकेशनवाले, एखादी शेतकरी कंपनी आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांनी मिळून शोधायचं काम आहे.

तिसरा, तपासणी. कीटकनाशकांचे अंश, जड धातू, कुरकुमिन. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून त्यात शिसं असलेला रंग मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीला आलेत. एका भेसळखोरामुळं अख्ख्या भागाच्या हळदीवर शंका येते. नाव सगळ्यांचं, तर ते राखायची यंत्रणाही सगळ्यांची हवी.

चौथा, भाव ठरवायची पद्धत. लिलावाच्या वेळीच स्वस्तात आणि झटपट कुरकुमिन मोजता आलं तर? ज्याची हळद खरंच सरस, त्याला त्याचे पैसे मिळतील. मोंढ्यातली सगळ्यात मोठी क्रांती त्या छोट्या यंत्रातून होईल.

पाचवा, पाला. काढणीच्या वेळी हळदीचा पाला कापून टाकतो. त्या पानांतून सुगंधी तेल निघतं. त्याला कुठं किती मागणी आहे आणि आपल्याकडं ते काढणं परवडेल का, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

यातल्या एकाही प्रश्नात कुणाचं धंद्याचं गुपित उघडं पडत नाही. मानांकन एका माणसाच्या मालकीचं नसतं, ते सगळ्या भागाचं असतं. मग त्या नावाची किंमत वाढवणारं संशोधन तरी एकेकट्याचं कसं असेल?

युरोपची नक्कल नको

युरोपात सगळं गोड चाललंय, असंही नाही. २०२४ मध्ये मारिओ द्राघी यांनी युरोपीय संघाला जो अहवाल दिला, त्यात हेच सांगितलं की संशोधन चांगलं होतं, पण ते बाजारापर्यंत पोचत नाही आणि पैसे मिळवायची प्रक्रिया किचकट आहे. म्हणजे अर्ज भरण्यात हुशार असलेल्यांचंच फावतं. आपल्याकडं तर विचारूच नका. फाइल, टिप्पणी, त्रुटी, पुन्हा फाइल.

म्हणून वसमतच्या केंद्रानं सुरुवातीपासून काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. अर्ज मराठीत आणि चार पानांचा. निर्णय तीन महिन्यांत, कारण हळदीचा हंगाम फाइलची वाट बघत नाही. येणाऱ्यानं स्वतःचा थोडा वाटा घालायचाच. पैसे नसतील तर शेत द्यावं, माल द्यावा, मजुरी द्यावी. फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही, हे आपण अनुदानाच्या अवजारांत बघितलंय. निवड समितीत शेतकरी आणि उद्योजकही हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे प्रयोग फसतील तेही जाहीर करायचे. तोच खड्डा दुसऱ्यानं पुन्हा का खणायचा?

मुंबई-दिल्लीत पैशाची कमतरता नाही. केंद्रानं २०२५ मध्ये खासगी क्षेत्रातल्या संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कमी व्याजाचं, लांब मुदतीचं भांडवल. चांगलंच आहे. पण त्या टेबलावर सेनगाव किंवा कळमनुरीची शेतकरी कंपनी बसेल का? तिला आधी लहान पायरी हवी, आणि ती पायरी जिल्ह्यातच असायला हवी.

दुधाळा ते वसमत

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला ‘लायगो-इंडिया’ होतंय. २,६०० कोटींचा प्रकल्प, केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केला. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्या त्या सप्टेंबर २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या दोन वेधशाळांत. त्या शोधनिबंधावर हजाराहून जास्त शास्त्रज्ञांची नावं होती, भारतीयांचीही. युरोपची ‘व्हर्गो’ इटलीत, जपानची ‘काग्रा’. एकट्या देशाला आकाश वाचता येत नाही, म्हणून सगळे एकमेकांच्या नोंदी वाटून घेतात.

विचार करा, एकाच जिल्ह्यात हे दोन्ही. एकीकडं अब्जावधी वर्षांपूर्वीच्या कृष्णविवरांची टक्कर ऐकायला जग एकत्र येतंय. दुसरीकडं चार गावांतल्या चार शेतकरी कंपन्या एक वाळवणी यंत्र मिळून तपासू शकत नाहीत. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजलं तर फार नाही.

आणि यात तुमचं-माझं काय, ते शेवटी सांगते. बीएस्सी केमिस्ट्री झाली की पुण्याची गाडी. कृषी पदवी झाली की स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. आयटीआय झालं की चाकण. जाणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत. इथं काम नाही म्हणूनच जातात. पण वर सांगितलेल्या पाच प्रश्नांत केमिस्ट्रीवाला लागतो, यंत्र जोडणारा लागतो, हिशेब मांडणारी लागते, शेतकऱ्यांशी बोलून सोप्या मराठीत लिहिणारीही लागते. प्रत्येक एकत्रित प्रकल्पात दोन स्थानिक विद्यार्थ्यांना मानधन देऊन घ्यायचंच, अशी अट घातली तर हे केंद्र आपल्या पिढीचंही होईल.

‘पी हळद अन् हो गोरी’ असं संशोधनात होत नसतं. पाच-सात वर्षं लागतील, काही प्रयोग फसतील, काही पैसे वायाही जातील. पण केंद्राचे नियम आत्ता ठरतील, आणि नियम ठरताना कोण बोललं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तुमच्या आमदारांना, कॉलेजच्या प्राचार्यांना, गावातल्या उत्पादक कंपनीच्या संचालकांना एकच प्रश्न विचारा: वसमतच्या केंद्राकडं आपण कुणाबरोबर मिळून, कुठला प्रश्न घेऊन जाणार आहोत?

उत्तर नसेल, तर यादी वर दिलीच आहे. त्यातला एक निवडा आणि अजून दोघांना गाठा.